तांब्यावरची पंगत

तांबं असलं तरी ते चिंचेनं घासायचं नाही, हे मला पहिल्याच मंगळवारी ऐकावं लागलं. मालवणात आमच्या घरी पाणी तापवायचा बंब दर शनिवारी चिंचेनं लख्ख व्हायचा आणि ते काम माझ्याकडे होतं. त्यामुळे तांब्यातलं आपल्याला थोडं कळतं असा माझा समज. इथे स्टुडिओत खडूच्या पुडीत सोया सॉस कालवतात आणि त्या लगद्यानं पत्रा घासतात. मग नळाखाली धरायचा. पाणी सगळीकडे सारखं पसरलं तर ठीक. कुठे थेंब गोळा झाले तर तिथे बोटाचं तेल राहिलंय, पुन्हा घासा. त्या संध्याकाळी माझा सगळा वेळ घासण्यातच गेला. शेजारची मुलगी विचारत होती, तुम्ही हे आधी केलंय का? मी म्हटलं, दर शनिवारी.

मी पंधरा वर्षं लंडनमध्ये राहते आणि लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, तीही टॅब्लेटवर. चुकलं की दोन बोटं टेकवायची, रेघ गायब. असं करता करता एक दिवस कागदावर पेन्सिल धरली तर हात थरथरला. म्हणून दहा आठवड्यांचा एचिंगचा, म्हणजे तांब्याच्या पत्र्यात ॲसिडनं रेघा कोरून त्यावरून चित्र छापण्याचा, संध्याकाळचा वर्ग लावला. आमच्या बाईंचा नियम असा, की स्वतःचं चित्र नंतर, आधी एखाद्या जुन्या कारागिराचं चित्र रेघ न् रेघ उतरवायचं. बाकीच्यांनी झाडं, पूल, म्हातारे चेहरे निवडले. मी निवडला जेम्स गिलरे, अठराव्या शतकातला इंग्रज व्यंगचित्रकार, आणि त्याचंही एक अतोनात गर्दीचं चित्र. बाईंनी भुवया उंचावल्या. दहा आठवड्यांत होईल? मी हो म्हटलं, कारण चित्र घरात होतं.

घरात कसं होतं तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी एका रविवारच्या जुन्या बाजारात एका विक्रेत्यानं मला ते ‘अस्सल 1798चं’ म्हणून विकलं. घरी येऊन कागद उलटला तर पाठीवर दुसरंच चित्र छापलेलं. मग कळलं. गिलरेच्या मृत्यूनंतर त्याचे तांब्याचे पत्रे हिंडत हिंडत हेन्री बोन या प्रकाशकाकडे आले. त्यानं 1851च्या सुमारास त्याच पत्र्यांवरून पुन्हा छपाई केली, जाड कागदावर, दोन्ही बाजूंनी, रंग न लावता. म्हणजे माझ्याकडचा कागद 1798चा नव्हे, पण पत्रा मात्र तोच, गिलरेच्या हातचा. फसले म्हणावं तर पुरती फसले नाही. शिवाय एका पैशात दोन चित्रं.

तर चित्र असं. एक अजस्र पोटाचा, लाल तोंडाचा माणूस टेबलाशी बसून काट्यानं एक आख्खं जहाज तोंडात कोंबतोय. तो जॉन बुल, म्हणजे इंग्लंडचा सामान्य माणूस. चौफेर इंग्रज दर्यासारंग ताटं घेऊन उभे आहेत आणि प्रत्येक ताटात मोडकी जहाजं. सगळ्यांत पुढे नेल्सन, त्याच्या ताटाला नाव ‘फ्रिकांदो आ ला नेल्सन’. लॉर्ड हाउनं 1794च्या लढाईची फ्रिकासी आणलीय. डंकननं 1797 मध्ये डचांना हरवलं म्हणून त्याच्याकडे डच चीज. वॉरनकडे शेवटचं गोड. प्यायला अस्सल ब्रिटिश स्टाउट बियर. भिंतीवर ‘बोनापार्ट इजिप्तमध्ये’ नावाचं चित्र टांगलंय आणि त्याच्यावर जॉन बुलनं आपली टोपी अडकवून ते झाकून टाकलंय. खिडकीबाहेर विरोधी पक्षाचे फॉक्स आणि शेरिडन पळ काढताहेत, हा आता आपलाही लचका तोडेल म्हणून. आणि जॉन बुल तोंड भरलेलं असतानाच सारंगांना शिव्या घालून विचारतोय, अजून आणलंत? ठेवू कुठे मी हे सगळं?

मराठी माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. ही आग्रहाची पंगत आहे. जावई बसलाय, वाढपी हटत नाहीत, ‘एकच घ्या हो, माझ्या हातची’ म्हणत चौथी पुरणपोळी पानात पडते आणि जावई हात आडवा धरून ‘नको नको’ म्हणता म्हणता खातोच. फक्त इथल्या पुरणपोळीला डोलकाठ्या आहेत. फ्रेंच पदार्थांची नावं देण्यातला चिमटाही तसाच: शत्रूचंच आरमार, शत्रूच्याच पाककृतीनं.

दुसऱ्या मंगळवारी ग्राउंड, म्हणजे ॲसिडपासून पत्रा वाचवणारं अस्तर. मेण, डांबर आणि राळ यांचा काळपट गोळा असतो. पत्रा तव्यासारखा तापवायचा, गोळा त्यावर फिरवायचा, रुळानं एकसारखा पसरायचा. मग पत्रा उलटा टांगून खाली जळत्या मेणवातींची काजळी धरायची, म्हणजे अस्तर काळंभोर होतं आणि सुईनं ओढलेली रेघ तांब्याच्या रंगात चमकते. पत्र्याच्या कडा त्याआधीच कानशीनं तिरप्या कराव्या लागतात, नाहीतर छापताना त्या कागद कापतात. हे सगळं झालं की चित्राचा ट्रेस कागद पालथा घालून उतरवायचा. पालथा अशासाठी, की पत्र्यावर जे उजवीकडे ते कागदावर डावीकडे येतं. ही एवढी गोष्ट मी पुढचे आठ आठवडे स्वतःला बजावत राहिले. त्याचं पुढे काय झालं ते येईलच.

माझा पत्रा मूळ चित्रापेक्षा लहान, त्यामुळे रेघा अजून दाट. तिसऱ्या आठवड्यात नुसतं टेबल आणि जॉन बुलचा गाल झाला होता. घरी आल्यावर मी वेळेचा हिशोब करायला बसले आणि मला घाम फुटला. इजिप्तच्या किनाऱ्यावरच्या अबुकीरच्या उपसागरात नेल्सनची फ्रेंचांशी लढाई झाली 1 ऑगस्ट 1798ला. तिची बातमी घेऊन कॅप्टन केपल लंडनला पोचला 2 ऑक्टोबरला. आणि 6 ऑक्टोबरला गिलरेचं या विजयावरचं पहिलं चित्र दुकानात लागलं होतं! त्यात नेल्सन नाईलच्या पाण्यात उतरून सोट्यानं फ्रेंच मगरींना बडवतोय. तुटलेल्या उजव्या हाताला लोखंडी आकडा, आकड्याला दोऱ्यांनी बांधलेल्या मगरी. खऱ्या नेल्सनला असला आकडा कधीच नव्हता. चार दिवसांत कल्पना, पत्रा, ॲसिड, छपाई आणि वर रंग. माझ्या पंगतीचं चित्र 24 ऑक्टोबरचं. त्यातलं वॉरनचं गोड ज्या लढाईचं, ती आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ झाली 12 ऑक्टोबरला. बारा दिवसांत ताट तयार.

तारखा इतक्या चोख मिळतात त्यालाही कारण आहे. 1735च्या कायद्यानुसार हक्क राखायचा तर प्रकाशकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख पत्र्यावरच कोरावी लागे. गिलरेची प्रकाशक हॅना हंफ्री. सेंट जेम्सेस स्ट्रीटवर 27 नंबरला तिचं दुकान होतं आणि गिलरे दुकानाच्या वर राहायचा. साधं चित्र स्वस्त, हातानं रंगवलेलं महाग, आणि ज्याच्या खिशात काहीच नाही त्यानं दुकानाच्या काचेला नाक लावून फुकट बघावं.

त्या रविवारी मी अर्धवट चित्राचा फोटो आईला पाठवला. आईचा फोन लगेच.

“ह्यो कोण गो? जेवता काय गिळता?”

मी सांगितलं, हा इंग्लंड, आणि शत्रूच्या बोटी खातोय.

“बोटी खाता? आणि बोटीतली माणसां खंय गेली?”

आमच्या घरात बोट म्हणजे कधीच नुसती बोट नसते. वादळाचा बावटा लागला की आई अजून समुद्राकडे बघत किती होड्या परतल्या ते मोजते, आणि मोजते ती माणसं. मी उत्तर दिलं नाही, कारण मला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ब्रिटिश म्युझियमच्या छापील चित्रांच्या अभ्यासिकेत वेळ मागितली. तिथे आधी नाव नोंदवून जाता येतं. पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. त्यांनी चित्र माझ्यापुढे आणून ठेवलं. रंगीत प्रत. माझ्याकडच्या 1851च्या काळ्या प्रतीपुढे ती म्हणजे नुकतंच वाढलेलं ताट! जॉन बुलच्या गालावरचा तांबडा रंग रेघेबाहेर जरासा सांडला होता. कुणा रंगवणाऱ्या बाईचा हात दिवसभराच्या कामानं थकला असेल. मी भिंग घेऊन एकेक ताट पाहिलं. शिडं आहेत, तोफांची भोकं आहेत, मोडलेल्या डोलकाठ्या काट्यांसारख्या वर आल्यात. मला तरी एकाही जहाजावर माणूस सापडला नाही.

आणि अबुकीरच्या त्या लढाईत माणसं होती. फ्रेंचांची 13 मोठी लढाऊ जहाजं ओळीनं नांगरून उभी होती. त्यांतली 9 इंग्रजांनी पकडली, 2 नष्ट झाली, 2 निसटली. नष्ट झालेल्यांतलं एक फ्रेंच सरखेलाचं ‘लोरियाँ’. ते रात्री दहाच्या सुमारास दारूगोळ्यासकट उडालं आणि त्याबरोबर शेकडो माणसं. गिलरेला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ताटात वाढायचं तर आधी सोलून, काटे काढून वाढावं लागतं. मासे साफ करणाऱ्या गावातून आलेल्या बाईला हे लंडनमध्ये भिंगातून बघावं लागलं, याची मला थोडी लाजच वाटली. लहानपणी शाळेत सिंधुदुर्गाची चित्रं मीही ढिगानं काढलीत. तटावर भगवा, समोर बुडणारी शत्रूची गलबतं, गलबतावर चिटपाखरू नाही. बक्षीसही मिळालं होतं.

एक गोष्ट मात्र चित्र उतरवतानाच उमगली. ‘खाणं’ ही नुसती कल्पना नव्हती. पकडलेली जहाजं इंग्रज डागडुजी करून आपल्याच आरमारात घालत. अबुकीरला पकडलेलं ‘फ्रँकलिन’ पुढे ‘कनोपस’ झालं. ‘तोनां’ आणि ‘स्पार्सियात’ ही दोन फ्रेंच जहाजं तर 1805च्या ट्रफाल्गरच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूनं लढली. खाल्लेलं अंगी लागलं म्हणायचं. तेव्हा ‘ठेवू कुठे’ हा जॉन बुलचा प्रश्न गोदीतल्या माणसालाही खराच पडला असेल. त्या पंगतीचा एक घास आपल्याकडेही आला होता. बोनापार्ट इजिप्तमध्ये उतरला तो पुढे हिंदुस्थानावर येणार ही धास्ती होती, म्हणून विजयानंतर नेल्सननं एक अधिकारी खुष्कीच्या वाटेनं, हलब म्हणजे अलेप्पोवरून बसऱ्याला आणि तिथून जहाजानं मुंबईला पाठवला. ईस्ट इंडिया कंपनीनं खूश होऊन नेल्सनला 10,000 पौंड दिले.

गिलरेलाही वाढपी होतेच. 1797 पासून त्याला सरकारकडून वर्षाला 200 पौंड गुपचूप मिळत. हे वाचलं तेव्हा माझा हिरमोड झाला होता. व्यंगचित्रकार आणि मानधन, तेही सरकारी! पण सुई हातात घेऊन सहा आठवडे त्याच्या जॉन बुलच्या हनुवटीच्या वळ्या ओढल्यावर माझं मत जरा बदललं. पैसे घेतलेला माणूस विजेत्याला देखणा काढतो. गिलरेनं शत्रूचा चेहरा दाखवलाच नाही, तो टोपीखाली झाकला, आणि सगळी विद्रूपता आपल्याच माणसाच्या तोंडावर ओतली. ते डोळे तृप्त नाहीत, भेदरलेले आहेत. पुढे 1805 मध्ये त्यानं इंग्लंडचा पंतप्रधान पिट आणि बोनापार्ट यांना पृथ्वीचं पुडिंग कापायला बसवलं, एकाच्या काट्याला समुद्र, दुसऱ्याच्या तलवारीला युरोप. तिथेही हेच दिसतं, दोघंही सारखेच अधाशी. मला वाटतं मानधनानं त्याचा विषय बांधला, हात नाही बांधता आला. बाईंना हे पटलं नाही. त्या म्हणाल्या, रेघ सुंदर आहे म्हणून तू त्याला माफ करतेयस. असेल.

सातव्या आठवड्यात पत्रा खायला घातला. ॲसिड हा आमचा बोलायचा शब्द. पूर्वी नायट्रिक ॲसिड वापरत, बुडबुडे येत आणि ते पिसानं हलवून घालवत. आता फेरिक क्लोराईड असतं, कडक काढ्याच्या रंगाचं. त्यात बुडबुडे नाहीत, पण गाळ रेघांमध्ये बसून राहतो, म्हणून पत्रा उभा किंवा पालथा ठेवायचा. बारीक रेघांना दहा मिनिटं. मग पत्रा काढून, धुऊन, वाळवून त्या रेघा वॉर्निशनं बुजवायच्या आणि उरलेल्या पुन्हा आत. सगळ्यांत गडद सावल्यांना चाळीस मिनिटं लागली. या चाळीस मिनिटांत काही करता येत नाही, नुसतं उभं राहायचं. टॅब्लेटवर मला असं उभं राहायची वेळ कधी आली नव्हती.

बाहेर काढला तेव्हा जॉन बुलला देवी आल्या होत्या. गालाच्या जागी अस्तर पातळ राहिलं होतं, तिथून द्रव आत शिरला आणि बारीक खड्डे पडले. मी रडवेली. बाईंनी तिधारी खरवडणी हातात दिली. आधी खरवडायचं, मग गुळगुळीत पोलादी दांड्यानं तेल लावून घोटायचं. अडीच तासांत अर्धा गाल साफ झाला. उरलेले व्रण राहू दिले. हा गडी इतकं खातोय, थोडं अंगावर उठणारच.

आता ती अक्षरं. बाई म्हणाल्या होत्या की चित्र त्याचं, पण अक्षरं तुझ्या लिपीत कर. मला आनंदाचं भरतं आलं. देवनागरी उलटी लिहायची म्हणजे शिरोरेघ उजवीकडून डावीकडे, ‘क’चा दांडा तोच पण पोट आणि शेपूट अदलाबदल. घरी आरशासमोर सराव केला. पण ट्रेस कागदावरची अक्षरं ग्राउंडवर पुसट उतरली होती आणि ताटांवरची नावं मी शेवटच्या घाईत नजरेच्या अंदाजानं काढली. हाउ जमला, डंकन जमला. नेल्सनच्या ताटावर ‘फ्रिकांदो’ लिहिलं.

नवव्या आठवड्यात छपाई. पत्रा कोमट करून त्यावर शाई पुठ्ठ्याच्या तुकड्यानं दाबून भरायची, मग खळ लावलेल्या जाळीदार कापडानं गोल गोल पुसायची, शेवटी तळहाताला खडूची पूड लावून हातानंच. पुसण्यातच सगळं आहे. पहिल्या प्रतीत मी भीतभीत पुसलं, तर जॉन बुल अमावास्येच्या रात्री जेवतोय असं दिसलं. दुसऱ्यांदा जोर केला, तर शाई रेघांतूनही निघून आली आणि तो आजारातून उठलेला वाटला. तिसऱ्यांदा कागद आधी भिजवून, टिपकागदात दाबून, ओलसर तेवढाच ठेवला. पत्रा प्रेसवर, त्यावर कागद, वर दोन जाड लोकरी फेल्ट, आणि मोठं चाक हातानं ओढायचं. मधोमध चाक जड होतं, तिथे थांबायचं नाही, थांबलात तर आडवी पट्टी उमटते. मग फेल्ट उचलून कागदाचं एक टोक धरून हळूहळू सोलायचं. रेघा कागदावर उठून आल्या होत्या, बोट फिरवलं तर लागत होत्या. वर्गातले सगळे जमले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या मुलीनं विचारलं, ही ताटांवरची अक्षरं कसली?

मी वाचून दाखवायला वाकले आणि तिथेच अडकले. ‘फ्रि’चा ऱ्हस्व इकार पत्र्यावर अक्षराच्या उजवीकडे काढायला हवा होता. हात पन्नाशीकडे चाललेला, सवय पहिलीतली, मी तो डावीकडे काढला होता. कागदावर तो उलटून दीर्घ होऊन बसला होता. नेल्सनच्या ताटावर ठसठशीत अक्षरांत आलं होतं: ‘फ्रीकांदो’.

हसू आवरेना, आणि त्यांना समजावता येईना. मालवणीत कांद्याला कांदो म्हणतात, हे सांगून झालं. फुकट कांदो, हेही सांगून झालं. मग आठवलं, गिलरेच्या 1792च्या एका जोडचित्रात स्वातंत्र्याचे गोडवे गाणारा हडकुळा फ्रेंच माणूस कच्चे कांदेच तर कुरतडतोय, आणि शेजारच्या चित्रात गोमांसाचा डोंगर कापत बसलेला गलेलठ्ठ इंग्रज करांच्या नावानं बोटं मोडतोय. हे ऐकल्यावर बाईही हसल्या. त्यांनी खरवडणी पुढे केली, अर्ध्या तासाचं काम आहे म्हणाल्या. मी नको म्हटलं.

सहा प्रती काढल्या. पत्रा तेलाचा हात देऊन, कागदात गुंडाळून कपाटात ठेवला. सगळ्यांत चांगली प्रत टिपकागदांखाली आठवडाभर वाळवली आणि मालवणला पाठवली. ती पोचायला सतरा दिवस लागले. रात्री आईचा व्हिडिओ कॉल. तिनं चश्मा चढवून कागद दिव्याखाली धरला होता आणि बोटानं एकेक ताट वाचत होती. हाउ झाला, डंकन झाला. नेल्सनपाशी बोट थांबलं.

“फ्री कांदो?” ती म्हणाली. “खंय गावता गो? हंय साठ रुपये किलो झालो.”